पत्रा खालापूरचा, माप कोणाचे?

खोपोलीहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलादी पत्र्याच्या कॉइल लादलेले ट्रेलर ही नित्याची बाब आहे. खालापूर तालुक्यात पत्र्याचे दोन मोठे कारखाने आहेत. डोणवत येथील कारखाना उत्तम गॅल्व्हा या नावाने चालत असे. तो २०२२ मध्ये आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टीलकडे गेला. खोपोलीजवळचा दुसरा भूषण स्टीलचा होता. २०१८ मध्ये तो टाटा स्टीलच्या ताब्यात आला. बाहेरून आणलेला जाड पत्रा थंड स्थितीत रुळांखालून काढून पातळ करणे आणि काही मालावर जस्ताचा मुलामा चढविणे, हे या कारखान्यांचे काम. मोटारीच्या अंगाला लागणारा पत्रा याच जातीचा असतो. असे असूनही एखादी जुनी फियाट दरवाजाखाली कुजली की तिच्या मालकाला साडेतीन फुटांची एक पट्टी मिळविण्यासाठी दारोदार हिंडावे लागते. शेवटी एखादा वयस्क पत्रा-कारागीर अंदाजाने ती ठोकून देतो, आणि उरलेल्या फटी पुट्टीने भरल्या जातात.

पत्रा दाराशी आहे. कारागीरही अजून आहे. मग अडते कोठे? प्रश्न वरकरणी हौशी लोकांच्या छंदाचा वाटतो. वस्तुतः तो उत्पादनाच्या संघटनेचा प्रश्न आहे आणि म्हणूनच मोटार नसलेल्यांनीही त्याकडे पाहण्याजोगा आहे.

मुंबई प्रांताशी या मोटारींचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढचे दरवाजे उलट बाजूने उघडणाऱ्या त्या आरंभीच्या गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. पुढे 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' अशी तिची नावे पालटत गेली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडच्या गाड्या मात्र आहेत. त्यांतील काही, मुंबईत जागा पुरत नाही म्हणून, कर्जतच्या बाजूला शेतघरांच्या छपराखाली येऊन विसावल्या आहेत. जुनी जीप तर या डोंगराळ भागात हौस म्हणून नव्हे, कामासाठी बाळगली जात असे.

गाडी ठेवायला कर्जतइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. माथेरानच्या माथ्यावर तो याहूनही बराच अधिक. (त्याच कर्जत तालुक्यातील माथेरानात मोटारींना प्रवेशच नाही, हा योगायोग गंमतीचा आहे.) लोखंड गंजते ते पाणी आणि हवा यांच्या संयोगाने. पावसाचे पाणी छपरावरून निथळून जाते, आणि म्हणून छप्पर बहुधा शाबूत राहते. मडगार्डाच्या पोटात साचलेला चिखल, दरवाजाच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची बुजलेली भोके, जमिनीवर अंथरलेल्या तरटाखाली मुरलेली ओल, या जागी मात्र पत्रा महिनोन् महिने ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो. रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो. गाडी ताडपत्रीने घट्ट झाकली की ती सुरक्षित झाली, अशी अनेकांची समजूत आहे; खरे पाहता ओल आत कोंडण्याचा तो हमखास उपाय होय.

फियाट आणि जीप यांत येथे एक मूलभूत भेद आहे. जीपला स्वतंत्र पोलादी सांगाडा असतो व अंग त्यावर बसविलेले असते. अंगाचा पत्रा कुजला तरी गाडी उभी राहते. फियाट ११०० ला असा वेगळा सांगाडा नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. दरवाजाखालची पेटीसारखी पोकळ पट्टी केवळ शोभेची नसून पुढचा आणि मागचा भाग जोडून धरणारी तुळई आहे. ती कुजली की गाडी मधोमध किंचित खचते, दरवाजे लागेनासे होतात. अशा वेळी आतून आधार न देता जुनी पट्टी कापली, तर गाडी कायमची वाकडी होते, आणि मग कितीही चांगली नवी पट्टी आणली तरी ती बसत नाही. म्हणूनच गंजावर पुट्टी थापून रंग मारणे हे फियाटच्या बाबतीत निव्वळ कुरूप नव्हे, धोक्याचे काम आहे.

नवी पट्टी हाताने घडते ती अशी. दुसऱ्या बाजूची किंवा दुसऱ्या गाडीची शाबूत पट्टी पाहून पुठ्ठ्याचा नमुना कापायचा. त्यावरून सीआर पत्र्यावर खुणा करायच्या. जाडी साधारण २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर, जेथे भार येतो तेथे १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. सरळ घड्या दाबयंत्रावर पडतात. जेथे पत्रा दोन्ही दिशांनी वळतो, उदाहरणार्थ मडगार्डाची कड, तेथे घडी चालत नाही; वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने पत्रा ताणावा लागतो, मग पोलादी ठोकळ्यावर तो गुळगुळीत करावा लागतो. या कामाला नरम, खोल ओढता येणारा पत्रा हवा. भारतीय मानकांत त्याच्या प्रती ठरलेल्या आहेत आणि असा पत्रा बनविण्याचे तंत्र खालापुरात नवे नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरल्यास गंज लांबतो, कारण जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचविते. परंतु जोडाच्या जागी ते घासून काढल्यावाचून वेल्डिंग करू नये. तापलेल्या जस्ताचा धूर कारागिराला थंडीताप आणतो. हे सांगायला हवे, कारण बऱ्याच ठिकाणी ना मुखवटा असतो ना धूर बाहेर जाण्याची सोय.

आठ फूट बाय चार फूट मापाच्या २० गेजच्या पूर्ण पत्र्याचे वजन सुमारे २१ किलो भरते. एका मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्यातून आरामात निघतात. म्हणजे कच्च्या मालाची किंमत या व्यवहारात जवळजवळ नगण्य आहे. सारा खर्च आकाराचा आहे.

मोठ्या कारखान्यात आकार येतो तो ठशाने. पोलादी ठशांच्या जोडीत पत्रा दाबला की काही क्षणांत भाग तयार होतो. समजा, एका पट्टीच्या ठशाला दहा लाख रुपये पडले. एक लाख गाड्या निघणार असतील तर दर गाडीमागे ठशाचा भार दहा रुपये. तीच पट्टी दोनशे गंजलेल्या गाड्यांसाठी करायची तर भार पाच हजार रुपये, आणि तोही दोनशे मालक खरोखर पुढे आले तर. स्थिर खर्च व बाजाराचा आकार यांचे हे पाठ्यपुस्तकी नाते कोणत्याही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. इंग्लंडात ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ मध्ये एमजीबी या मोटारीचे संपूर्ण अंगच पुन्हा बनवावयास घेतले, ते मूळ ठसे हाती राहिले होते म्हणून. त्या मोटारीचे उत्पादन १९८० मध्येच बंद झाले होते. ठशांचा खर्च केव्हाच वसूल झालेला होता. फिलिपिन्समध्ये एम. डी. हुआन हा कारखाना महायुद्धकालीन जीपची अंगे बनवून परदेशांत विकतो. तेथे गणित जुळते ते दोन कारणांनी: जीपचे अंग बहुतांशी सपाट पत्र्याचे आहे, ते मोठ्या ठशांवाचून घडते, आणि गिऱ्हाईक जगभर पसरलेले आहे.

फियाटला ही दोन्ही भाग्ये पुरती लाभलेली नाहीत. तेव्हा तिच्यासाठी ठशांचा कारखाना काढा, असे सुचविणे हा भाबडेपणा ठरेल. मार्ग हातकामाचाच आहे. पण हातकामातला सर्वांत मोठा खर्च कोणता, हे येथे पाहिले पाहिजे. तो हातोड्याचा नाही. तो नमुना शोधण्याचा, मापे घेण्याचा आणि चुकून पुन्हा करण्याचा आहे. आणि हा खर्च प्रत्येक गाडीमागे नव्याने केला जातो. कारागीर पुठ्ठ्याचा नमुना कापतो, पट्टी बसवितो, नमुना कोपऱ्यात टाकतो. पुढच्या पावसाळ्यात तो भिजून जातो. तीन वर्षांनी तशीच गाडी आली की शून्यापासून आरंभ. अनेकदा शाबूत पट्टी उपलब्ध नसते आणि कुजलेल्या अवशेषावरूनच माप घेतले जाते; त्या मापातली चूक नव्या पट्टीत उतरते. डुक्कर फियाटची पट्टी डिलाइटला चालेल असे धरून बसणारेही पुष्कळ असतात.

अर्थशास्त्रात ज्यांना सार्वजनिक वस्तू म्हणतात, त्यांत अशा मापाची गणना करावी लागेल. एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी ते उणे होत नाही. आणि म्हणूनच ते जपून ठेवण्यात कोणा एकाचा स्वार्थ नाही. कारागिराला मजुरी पट्टीची मिळते, नमुन्याची नाही. मालकाची गाडी एकदा उभी राहिली की त्याला नमुन्याशी कर्तव्य उरत नाही. बाजार ही उणीव आपोआप भरून काढील ही अपेक्षा गेल्या वीस वर्षांत फोल ठरली आहे.

कायद्याची आडकाठी यात आहे काय? आपल्या डिझाइन कायद्यानुसार नोंदविलेल्या आकृतीला दहा आणि वाढीव पाच, अशी अधिकाधिक पंधरा वर्षे संरक्षण मिळते. जुन्या फियाटच्या पट्टीला ते लागू होण्याचा प्रश्नच नाही. मात्र नाव व चिन्ह यांचे हक्क निराळे असतात आणि ते दीर्घायुषी असतात. महिंद्राच्या रॉक्सर गाडीचा अनुभव ताजा आहे: तिचे रूप जीपशी मिळतेजुळते असल्याच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जून २०२० मध्ये तिच्याविरुद्ध निर्णय दिला आणि कंपनीला दर्शनी भाग बदलावा लागला. दुरुस्तीची पट्टी बनवून विकणे एक. पूर्ण अंग बनवून त्यावर दुसऱ्याचे नाव ठोकणे दुसरे.

अडचण खरी आहे ती अन्यत्र. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला तिचा लाभ घेता येतो. म्हणजे पहिल्या पद्मिनी नुकत्याच या वयात आल्या आहेत. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. आता ज्या गाडीचे अंग हाच सांगाडा, तिची कुजलेली पट्टी कापून हुबेहूब तशीच नवी बसविली, तर तो फेरफार की जतन? शब्दांवरून दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि निवाडा राज्याच्या तपासणी समितीकडे जातो. ज्याने प्रामाणिकपणे पत्रा बदलला त्याची गाडी अडावी, आणि ज्याने गंजावर पुट्टी फासली त्याची 'मूळ स्वरूपातील' म्हणून सुटावी, असा उफराटा न्याय यातून संभवतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्युरिन सनदेत या बाबतीत अधिक शहाणपण दिसते: मूळ द्रव्य होईल तितके राखावे, नवे घातले तर त्याची नोंद असावी. पट्टीवर आतल्या बाजूने वर्षाचा ठसा आणि दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे एवढे पुरावे मान्य करणारे एक परिपत्रक परिवहन खात्याने काढले, तर बराच गोंधळ मिटेल.

याचा दुरुपयोग होणार नाही काय? होईल. एक जुनी नंबरपाटी व नोंदणीपुस्तक घेऊन त्याभोवती अवघी गाडी नव्याने उभी करण्याची लबाडी जगभर चालते, येथेही चालेल. पण ती रोखण्याचा उपाय नोंद हाच आहे, संदिग्धता नव्हे. आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनी मोटार ही श्रीमंतांची चैन, ती धूर ओकते, तिच्यासाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा? मोटार रोज रस्त्यावर धावावी असे येथे कोणी म्हणत नाही. विंटेज नोंदणीही तशी मुभा देत नाही. प्रश्न त्या हौसेतून मिळणाऱ्या मजुरीचा आहे. घाट चढण्यापूर्वी रेडिएटर थंड करण्यासाठी खोपोलीत गाड्या थांबत, त्या काळात हमरस्त्याच्या गॅरेजांना कामाची ददात नव्हती. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि बरीचशी वाहतूक खोपोली टाळून जाऊ लागली. नव्या मोटारीचा भाग खराब झाला तर कंपनीचा नवा भाग बसवितात. तेथे पत्रा घडविणाऱ्याची गरजच लागत नाही. ज्या थोड्या कामांत हाताच्या कसबाला अजून चांगले दाम मिळते, त्यांपैकी हे एक. श्रीमंताच्या चैनीतून कारागिराचे घर चालत असेल, तर चैन वाईट म्हणून ते घर बंद पाडण्यात काय शहाणपण?

खर्चही फारसा नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शीट मेटलचा अभ्यासक्रम आहे, आणि विद्यार्थी सरावासाठी डबे व नरसाळी बनवून ती मोडीत टाकतात. त्यांनी वर्षाला चार शाबूत भागांची मापे घेऊन पातळ पत्र्याचे कायम नमुने बनविले आणि कारागिरांना ते ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे परतीच्या बोलीवर दिले, तर तीच हजेरी कामी येईल. पत्र्याच्या कारखान्यांत कॉइलच्या कडेचे, दुय्यम प्रतीचे तुकडे निघतातच. ते सरावासाठी मिळविणे अवघड नसावे. जुनी यंत्रे चालती ठेवण्याची परंपरा या भागाला परकी नाही. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेची देखभाल नेरळच्याच शेडमध्ये होत आली आहे.

घाई मात्र आहे. गाडी भंगारात काढताना चासी क्रमांकाचा तुकडा कापून जपून ठेवावा लागतो. नोंदणीकृत भंगार केंद्रांच्या २०२१ च्या नियमांत तशी तरतूद आहे. त्याच गाडीची एखादी पट्टी, एखाद्या मडगार्डाची कड शाबूत असू शकते. तिच्यावर पुठ्ठा ठेवून पेन्सिल फिरवायला अर्धा तास लागतो. गाडी दाबयंत्राखाली गेल्यावर तो अर्धा तास पुन्हा मिळत नाही.