व्हॅन कधी सुरू होते, कधी होत नाही : आधी मोजा, मग पार्ट बदला

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली आणि पुढे ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत कारखान्यातून निघत राहिली. पाव-बिस्किटे, फळे, तयार कपडे, मंडपाचे सामान, सुतारकामाची हत्यारे अशा कितीतरी धंद्यांचा भार ही लहानशी गाडी आजही वाहते आहे. परंतु गाडी जुनी झाली की तिला एक खोड लागते. सकाळी एका चावीत सुरू होते, दुपारी माल भरून उभी असताना मात्र नुसती ‘टक’ करून गप्प बसते. फिटरकडे ढकलत न्यावी तर तिथे लगेच सुरू होते. धंदेवाल्याची खरी कोंडी इथेच होते, कारण नादुरुस्त गाडी घरी ठेवता येते, पण बेभरवशाच्या गाडीत नाशवंत माल भरायचा कसा?

अशा वेळी सर्रास काय होते? प्रथम बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, मग अल्टरनेटर. हजारो रुपये जातात आणि आठवड्याने दोष पुन्हा हजर होतो. आमच्या पाहण्यातील एका बेकरीवाल्यांनी याच क्रमाने तिन्ही वस्तू बदलल्या. शेवटी एका वयस्कर वायरमनने इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवून दाखवली. बोल्टखाली गंज आणि तेलाचा थर साचला होता. “भाई, नवी बॅटरी तरी काय करील? तिला परत यायची वाटच बंद आहे,” एवढेच ते म्हणाले. पॉलिश पेपरने घासून पट्टी पुन्हा आवळली आणि काम झाले.

असे का होते?

सुरू होताना सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. दिव्याला किंवा हॉर्नला त्यापुढे अगदी थोडा लागतो. गंजलेल्या जोडात ०.०२ ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला, तरी शंभर अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून दिवे झगझगीत लागतात आणि सेल्फ मात्र फिरत नाही. शिवाय उष्णता, ओल आणि हादरे यांनी जोड कधी बसतो, कधी सुटतो. दोष येतो-जातो तो यामुळे.

प्रथम दोष कोणता ते ओळखा

सेल्फ फिरतच नाही, की सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. एका लहान वहीत प्रत्येक वेळची नोंद करावी : इंजिन थंड होते की गरम, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, ‘टक’ असा आवाज आला का. आठ-दहा नोंदींत बहुधा धागा सापडतो.

सेल्फ फिरत नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच राहून एकच ‘टक’ आली तर सेल्फच्या सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन ब्रश, जाड वायर किंवा इंजिनची अर्थिंग तपासावी. आवाजच नसेल तर दोष इग्निशन स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणाऱ्या बारीक वायरीत शोधावा. सेल्फ मारताना क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल, तर अर्थिंग नसल्याने करंट त्या केबलीतून वाट काढतो आहे असे समजावे.

मीटरचे आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर एका अनाठायी बदललेल्या पार्टपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व हँडब्रेक ओढून पुढील मापे घ्यावीत.

१. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली असते. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

२. सेल्फ फिरत असताना व्होल्ट ९.६ च्या खाली जाऊ नयेत.

३. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. कमी मिळाले तर आधी बेल्ट सैल आहे का ते पाहावे.

४. मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. पाव व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब आहे. तसेच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट हे माप अर्ध्या व्होल्टच्या आत असावे.

ही मापे दोष हजर असतानाच घ्यावीत. गाडी नीट चालत असताना मीटरही सर्व काही नीटच दाखवणार.

गरम झाल्यावर बंद पडणे

या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, तिथे उष्णता कोंडते. सेल्फ फिरूनही गरम इंजिन पकडत नसेल आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर इग्निशन कॉईलवर संशय घ्यावा. ठिणगी दोष असतानाच तपासावी. मात्र पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर ही तपासणी मुळीच करू नये.

सकाळी बॅटरी उतरलेली

नंतर बसवलेला टेप, अलार्म किंवा जादा दिवा रात्रभर करंट खात असतो. १ अँपिअरची गळती १२ तासांत ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून तिसरा हिस्सा ओढून घेते. चावी काढून, दारे लावून, निगेटिव्ह वायरीत मीटर अँपिअरवर जोडावा. ०.०५ अँपिअरपर्यंत चालते. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडेल त्या लाइनीत गळती आहे. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नये, नाहीतर मीटर जळतो.

हे टाळा

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग पाहण्याची जुनी पद्धत अल्टरनेटरचे डायोड व नव्या गाडीतील कंट्रोल युनिट जाळू शकते. फ्यूजच्या जागी तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढावी, जोडताना ती शेवटी लावावी.

तात्पर्य, सहा महिन्यांतून एकदा, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, टर्मिनल आणि अर्थिंगचे बोल्ट साफ करून आवळावेत आणि वरून व्हॅसलीन लावावे. एवढ्यावरही पार्ट बदलायची वेळ आली, तर गॅरेजवाल्याला आदराने पण स्पष्ट विचारावे, “मीटरवर दाखवा.” चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. तो मीटर आणतो.