झिजणारे गुडघे आणि सार्वजनिक आरोग्य

गुडघे दुखू लागले की ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय संपविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. रोग म्हटला की त्याची चिकित्सा, त्याची गणना आणि त्यासाठी शासकीय तरतूद हे सारे ओघाने येते. वय म्हटले की यातले काहीच येत नाही. अस्थिसंधिवाताची, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत ऑस्टिओआर्थ्रायटिसची, गत नेमकी अशीच झाली आहे. त्याची साथ येत नाही, त्याने सहसा माणूस दगावत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोक या विकाराने ग्रस्त होते आणि १९९०च्या मानाने ही संख्या दुपटीहून अधिक झाली होती. भारतात याच काळात रुग्णसंख्या सुमारे २ कोटी ३० लाखांवरून ६ कोटी २० लाखांवर गेली, असा अंदाज आहे. आयुर्मान वाढले हे याचे एक कारण खरे. पण तेवढेच कारण नव्हे.

‘संधिवात’ या एकाच शब्दात आपण अनेक विकार कोंबतो, हाही घोटाळ्याचा भाग आहे. शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते तो आमवात निराळा आणि सांध्यातील कूर्चा झिजते तो अस्थिसंधिवात निराळा. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. दर शंभरांत अठरा जणांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे तीत आढळले. आमवाताचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का निघाले, तर अस्थिसंधिवाताचे सुमारे सहा टक्के. हे सर्व वयांच्या प्रौढांचे प्रमाण झाले. चाळिशी ओलांडलेल्यांचे केवळ गुडघे तपासणारी एक बहुकेंद्री भारतीय पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हा आकडा २९ टक्क्यांच्या जवळ गेला. शेतीवर जगणाऱ्या भिगवणचे चित्र कोल्हापूरकरांना परके वाटण्याचे कारण नाही.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. रक्तवाहिन्या नसल्यामुळे झिजलेला थर धडपणे भरून येत नाही. मज्जातंतू नसल्यामुळे झीज चालू असताना कळही येत नाही. वेदना जाणवते ती पुढे आतले अस्तर सुजल्यावर, हाडांवर ताण आल्यावर. म्हणजे रुग्ण वैद्याकडे पोहोचतो तेव्हा पुष्कळ वर्षे उलटून गेलेली असतात. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर विशेष.

आता जिल्ह्यातील स्त्रीचा दिवस पाहावा. उसात, भुईमुगात, सोयाबीनमध्ये भांगलण करायची ती उकिडवे बसून, खुरपे हातात घेऊन, सरीमागून सरी. पश्चिमेकडच्या तालुक्यांत पावसाळ्यात चिखलात वाकून रोपलावण. परतताना डोक्यावर वैरणीचा भारा, आणि घरी आल्यावर पुन्हा चूल, धुणे, शौचालय या सर्व ठिकाणी तीच उकिडवी बैठक. बीजिंगमधील वृद्धांच्या पाहणीत, तरुणपणी रोज दोन-तीन तास उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण साधारण दुप्पट आढळले. तेथील स्त्रिया अमेरिकी स्त्रियांपेक्षा सडपातळ असूनही त्यांचे गुडघे अधिक झिजलेले होते. तेव्हा हा केवळ सुखवस्तू, स्थूल माणसांचा आजार आहे, ही समजूत टिकत नाही. उकिडवे बसणे मुळातच वाईट, असा याचा अर्थ नव्हे. प्रश्न तासांचा आणि वर्षांचा आहे.

करवीरनगरीची आणखी एक खूण तालमींची. खासबागेच्या मैदानाचा लौकिक कोण नाकारील! परंतु कुस्तीत मुरगळलेला गुडघा, फाटलेली आतली गादी किंवा तुटलेला अस्थिबंध ही पुढच्या झिजेची पूर्वतयारी असते. त्यात आखाडा सुटला की बैठका सुटतात, खुराक मात्र सुटत नाही, आणि वाढते वजन त्याच दुखावलेल्या सांध्यावर येते. वजनाचे महत्त्व अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासाने निःसंशय दाखविले आहे. दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन उतरलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या या विकाराची शक्यता निम्म्याहून कमी झाली, असा त्याचा १९९२ सालचा निष्कर्ष. दुसऱ्या एका प्रयोगात एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असे दिसून आले. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनानेही हा हिशेब मांडून पाहावा.

या आजाराचा खरा खर्च हिशेबाच्या वहीत येत नाही. बुडालेली मजुरी, सुनेवर वा शाळकरी मुलीवर पडणारे घरकाम, देवदर्शनाला वा लग्नकार्याला जाणे बंद होऊन आलेला एकटेपणा यांची नोंद कोणी ठेवीत नाही. दुखणे दाबण्यासाठी वर्षानुवर्षे परस्पर घेतलेल्या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करतात, हा आणखी वेगळा भुर्दंड. (तेलांच्या जाहिरातींविषयी काय बोलावे? तेल चोळल्याने घटकाभर बरे वाटते. कूर्चा उगवत नाही.) अखेरचा उपाय शस्त्रक्रियेचा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७मध्ये मर्यादा घातली. सरासरी दीड लाखाच्या वर असलेली नेहमीच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर आली. निर्णय स्वागतार्ह होता. तथापि तो रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यांपुरता. रांग जेथे सुरू होते तेथे काय?

तेथे फारसे काही नाही. तिशीपुढील लोकांच्या शासकीय तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारचे कर्करोग यांवर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण दुखऱ्या गुडघ्याची बाई रोज चालणार कशी? आणि चालणे थांबले तर मधुमेह आणि रक्तदाब आवरणार कसे? गुडघ्याची वास्तपुस्त याच तपासणीत बसवता येईल. दोन-चार प्रश्न पुरेत. उपायही अवघड नाहीत. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम वेदना कमी करतो, हे सिद्ध झाले आहे. डेन्मार्कने २०१३पासून त्याची पद्धतशीर योजना चालविली आहे: रुग्णाला आजार समजावून सांगायचा आणि आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, देखरेखीखाली व्यायाम करून घ्यायचा. त्याला लागते एक खोली, काही खुर्च्या आणि एक प्रशिक्षित व्यायामोपचारक. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षण घेऊन असा व्यायामोपचारक आठवड्यातून दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात बसू लागला, आणि भांगलणीला बसकी चौकट किंवा लांब दांड्याचे खुरपे देण्याचा विचार कृषी खात्याने केला, तर राधानगरी वा भुदरगडच्या बाईला या दुखण्यासाठी कोल्हापूरची एसटी धरावी लागणार नाही.