एका फुटाचा अर्धा इंच

अकोल्याहून वाशिम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि नागपूरहून मेहकर, जालन्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता यांची गाठ वाशिम जिल्ह्यातील मालेगावात पडते. (यंत्रमागांचे नाशिककडील मालेगाव ते निराळे.) अशा नाक्यावरच्या गावात ट्रक हे रोजच्या पाहण्यातले वाहन असते. कोणता ट्रक कोठल्या राज्यातला, हे शाळकरी पोरेसुद्धा केबिनवरील नक्षी पाहून सांगू शकतात. पाहण्याची ही आवड ज्या छंदात पुढे नेता येते, तो म्हणजे ट्रक-मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याचा आणि त्या आपल्या मनाप्रमाणे सजविण्याचा छंद.

लहान आकारात घडवायचे आणि मग सजवायचे, ही कल्पना विदर्भाला अपरिचित नाही. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि चाके लावलेले लाकडी बैल झूल, गोंडे, माळा घालून मुले मिरवतात. बैल तोच, पण सजावट ज्याची त्याची. ट्रकच्या प्रतिकृतीत मात्र एक अट अधिक असते. प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान झाला पाहिजे. या अटीमुळेच खेळणे आणि प्रतिकृती यांच्या वाटा वेगळ्या होतात. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीच्या, १९५३ पासून बाजारात आलेल्या 'मॅचबॉक्स' गाड्या जगभर लाडक्या झाल्या; पण त्या आगपेटीएवढ्या खोक्यात मावाव्यात हा पहिला नियम असल्याने बस आणि मोटार जवळजवळ सारख्याच लांबीची निघे. खेळायला त्याने काही बिघडत नाही. प्रतिकृती करणाऱ्याला ते चालत नाही.

प्रमाणांचे आकडे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात. १:४३ हे आगगाडीच्या मॉडेलांतून आले. ब्रिटनमध्ये 'ओ' गेजच्या गाड्या एका फुटाला ७ मिलिमीटर या हिशेबाने बनत, त्याचे गुणोत्तर सुमारे ४३.५ येते. त्याच्या निम्मे, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर, ते १:८७. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेल्या जोशी यांच्या लघु रेल्वे संग्रहालयातील गाड्या याच प्रमाणातल्या. मोटारी आणि ट्रक जुळवणाऱ्यांत मात्र १:२४ आणि १:२५ ही प्रमाणे अधिक रूढ आहेत.

यांपैकी १:२४ हे आपल्याकडील ट्रकला फारच सोयीचे पडते. आपले वाहतूकदार आजही हौद्याची लांबी फुटात सांगतात : चौदा फुटी, सतरा फुटी, एकोणीस फुटी. एका फुटाचे इंच बारा. चोविसाने भागले की उरतो अर्धा इंच. म्हणजे एकोणीस फुटी हौदा साडेनऊ इंचांचा करायचा, सतरा फुटी साडेआठ इंचांचा. गणकयंत्राची गरजच नाही. नियमानुसार वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही; ती या प्रमाणात १०८ मिलिमीटर भरते. सुमारे एक मीटर पाच सेंटिमीटर व्यासाचा ट्रकचा टायर ४४ मिलिमीटरचा होतो.

लांबीचा हिशेब असा सरळ असला, तरी जाडी आणि वजन यांचा हिशेब फसवा असतो. नवशिक्याचे बहुतेक काम बिघडते ते इथेच. एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी हाताला पातळ लागते, पण १:२४ मध्ये ती २४ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाट्यासारखी दिसते. खऱ्या मडगार्डचा पत्रा तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच असतो. सगळा भाग तितका पातळ करणे शक्य नसते. म्हणून जाणकार फक्त दिसणारी कड आतून तासून पातळ करतात. डोळा कड पाहतो आणि फसतो. वजन तर घनाने कमी होते. लांबी चोविसाव्या हिश्शाची झाली की वजन १३,८२४ व्या हिश्शाचे व्हायला हवे. सोळा टनी ट्रकची प्रतिकृती त्या न्यायाने सव्वा किलोच्याही आतच भरते. त्यामुळे हुबेहूब कमानपाटे बसवले तरी ते खऱ्यासारखे दबत नाहीत. 'भरलेला' ट्रक दाखवायचा तर पाटे आधीच सपाट करून चिकटवावे लागतात.

रंगाचेही तसेच. मोठ्या पृष्ठभागावरचा लाल रंग लांबून किंचित फिका दिसतो आणि प्रतिकृती नेहमी लांबून पाहिल्यासारखी भासावी लागते. रंगाच्या डब्यातला लाल जसाच्या तसा मारला तर ती भडक, खेळण्यासारखी दिसते. त्यात पांढऱ्याचा थेंब मिसळणे इष्ट.

परदेशात या छंदाची सुरुवात खोक्यापासून होते. रेवेल, इटालेरी, एएमटी अशा कंपन्यांचे संच मिळतात. त्यात केनवर्थ, पीटरबिल्ट, स्कॅनिया, व्होल्वो यांचे सुटे भाग आणि जुळणीचा नकाशा असतो. हौशी माणूस ते जुळवतो आणि मग एका संचाची केबिन दुसऱ्याच्या सांगाड्यावर चढवणे, धुरांडी बदलणे, चाके बदलणे असे फेरफार करतो. आपल्या रस्त्यावरची टाटा १२१० या कंपन्यांच्या यादीत शोधून सापडत नाही. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार केला आणि १९६९ पर्यंत ट्रकवर मर्सिडीजचा तारा होता. त्या काळातल्या ट्रकसाठी जर्मन मर्सिडीजच्या प्रतिकृतींचा थोडाफार आधार घेता येतो. त्यानंतरच्या ट्रकसाठी तोही नाही.

आणि खरे सांगायचे तर कारखान्याचा नकाशा हाती आला असता, तरी काम अर्धेच झाले असते. कित्येक वर्षे आपल्याकडे ट्रक विकत घेणे म्हणजे पुढचा दर्शनी पत्रा, इंजिन आणि सांगाडा विकत घेणे. चालक तोंडाला फडके बांधून, उघड्यावर बसून तो सांगाडा चालवत बॉडी बांधणाऱ्याकडे आणी. केबिन, हौदा, फाळका, टपावरची जागा हे सारे तिथला सुतार, लोहार आणि पेंटर मिळून घडवत. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेले दोन ट्रक दोन गावांत बॉडी बांधून बाहेर पडले की एकमेकांना ओळखूही येऊ नयेत. म्हणजे ज्याला इंग्रजीत 'कस्टमायझेशन' म्हणतात, ते इथे मूळ वाहनातच होऊन गेलेले असते. प्रतिकृती करणाऱ्याला नकाशा मिळायचा तो उभ्या ट्रकवरूनच. ढाब्यावर चालकाची परवानगी घेऊन, टेप लावून, चारी बाजूंनी आणि खालूनही छायाचित्रे काढून. (चालक बहुधा आनंदाने हो म्हणतात, ट्रक थांबवून चौकशी करणारा प्रत्येक जण दंडाची पावती फाडत नाही, याचेच त्यांना अप्रूप.)

सामान मात्र महाग लागत नाही. जाहिरातीच्या फलकांसाठी वापरतात तो सनबोर्ड सुरीने सहज कापला जातो. त्याची केबिन आणि सांगाडा होतो. हौद्याच्या फळ्यांना आइस्क्रीमच्या काड्या, प्रोपेलर शाफ्टला संपलेली रिफिल, जाळीला मच्छरदाणीचा तुकडा, टिपरच्या जॅकला इंजेक्शनची सिरिंज. ताडपत्री जुन्या रुमालाची करावी; पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून हौद्यावर पसरली की वाळताना आपोआप चुण्या पडतात. दोन चुका सगळ्यांच्या हातून एकदा तरी होतात. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारला की तो विरघळतो. आणि खिडकीची काच झटपट चिकटणाऱ्या डिंकाने बसवली की त्याच्या वाफेने ती पांढुरकी पडते. काचेला पांढरा फेविकॉलच बरा. घासकाम करताना नाकावर फडके हवे, हे वेगळे सांगायला नको.

सजावटीत स्वातंत्र्य आहे, पण त्यालाही काळाचे बंधन आहे. मालेगावचा ट्रक म्हणून एमएच-३७ क्रमांक रंगवायचा तर तो ट्रक १ जुलै १९९८ नंतरचा हवा. वाशिम जिल्हा त्या दिवशी झाला. त्याआधी मालेगाव अकोला जिल्ह्यात होते आणि अकोल्याचा क्रमांक एमएच-३०. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावायची तर नवा ट्रक एप्रिल २०१९ नंतरचा हवा. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्रात ३० एप्रिल २०१५ रोजी बंदी आली; त्यानंतरच्या ट्रकवर ही अक्षरे काढली तर कायदा मोडल्याचे चित्र होईल. अर्थात रस्त्यावर ती पुढेही दिसत राहिली, त्यामुळे इथे कायदा खरा मानायचा की डोळा, हे ज्याने त्याने ठरवावे.

ही नोंद आताच करून ठेवण्याचे कारण आहे. अॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले तेव्हा वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले. २०२३ च्या सप्टेंबरात मुंबईची डिझेलवरची दुमजली बस आणि ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक छायाचित्रे काढायला जमले. लाकडी केबिनच्या ट्रकला असा निरोप कोणी दिला नाही. ती कारखान्यात बनलीच नव्हती, त्यामुळे तिचे उत्पादन अमुक दिवशी थांबले असेही सांगता येत नाही. कारखान्याची लोखंडी केबिन तिची जागा घेत गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. उन्हाळ्यात वऱ्हाडातून ट्रक हाकणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र फटींतून वारा खेळणारी सुताराच्या हातची केबिन आता नव्याने बांधली जाण्याची शक्यता उरलेली नाही.

तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. त्या रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकची मापे घेता येत नाहीत. तिथे थांबायलाच मनाई. जुन्या रस्त्यावर मात्र अजून एखादा म्हातारा सहाचाकी ट्रक पंक्चर काढत उभा सापडतो. तेवढ्या वेळात आधी घ्यायची मापे चार : दोन आसांमधले अंतर, हौद्याची आतली लांबी, जमिनीपासून सांगाड्याची उंची आणि काचेच्या खालच्या कडेपासून टपापर्यंतची उंची. उरलेले छायाचित्रावरून काढता येते. फाळक्यावर पेंटरने सही केली असेल तर तीही टिपून घ्यावी.