जरीपटका ते लंडन: व्यापार करार झाला, मग व्हिसा लागणार का?

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जरीपटक्याला नागपूरची व्यापारी वस्ती बनवले. येथील एखाद्या व्यापाऱ्याला खरेदीदार शोधण्यासाठी लंडनला जायचे असेल, तर २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारातून त्याला काय मिळते?

व्हिसा रद्द होतो का?
नाही. अर्ज, शुल्क आणि कागदपत्रांची तपासणी कायम आहे.

किती दिवस राहता येते?
व्यावसायिक भेटीसाठी कोणत्याही ६ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत. कंपनीने तिथल्या आपल्याच शाखेत पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ३ वर्षांपर्यंत.

मग नवे काय?
ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसाही एका वेळी ६ महिन्यांपर्यंत राहू देतो. पण तो तिथल्या सरकारचा नियम आहे, ते तो कधीही बदलू शकते. करारातील मुदत हे भारताला दिलेले वचन आहे. करार लागू असेपर्यंत ती परस्पर कमी करता येत नाही.

काय चालते, काय नाही?
बैठका, बोलणी, करारावर सही आणि प्रदर्शनात मालाची प्रसिद्धी चालते. तिथल्या कंपनीत नोकरी चालत नाही. गफलत होते ती स्टॉलवर. नमुने दाखवून ऑर्डर घ्या, माल नंतर नागपूरहून पाठवा. तेच नमुने तिथे ग्राहकांना थेट विकले, तर व्हिसाच्या अटी मोडतात आणि पुढचा अर्जही अडचणीत येऊ शकतो.