तुऱ्याविना टोप

शस्त्रसंग्राहक जमले की तलवारीवरच बोलतात. पात्याचा पोत, मुठीवरची कोफ्तगिरी म्हणजे सोन्याचे जडावकाम, धोप की फिरंग, यांवर रात्री सरतात. शिरस्त्राणाला कोणी विचारत नाही. २०२५ साली राज्य सरकारने रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात विकत घेतली, तेव्हा मलाही आनंद झाला. पण ती तलवार पेलणाऱ्याच्या डोक्यावर काय होते, हा प्रश्न माझ्या वाचनात कुठेच आला नाही.

संग्रहालयांचा आढावा थोडक्यात उरकतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे चिलखत आणि ढाल आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघर फिरून जमवलेला संग्रह आहे. नागपूरचा अजब बंगला १८६३ पासूनचा, आणि आम्हा वाशीमकरांना तोच जवळचा. टोप, जाळी, नाकपट्टी हे सगळे वाचकांच्या परिचयाचे आहे, त्याची जंत्री पुन्हा देत नाही.

माझा खरा विषय तुरा. गेली कित्येक वर्षे मी याच एका गोष्टीसाठी भांडतो आहे, आणि ती नीट समजून घ्यायची तर जपानकडे पाहावे लागते. १५४३ साली तिथे बंदुका पोहोचल्या, सैन्ये मोठी झाली, आणि गर्दीत सरदार दुरून ओळखू यावा म्हणून टोपाच्या कपाळावर शिखरे चढली. दाते मासामुने या सरदाराच्या टोपावरची सोनेरी चंद्रकोर दोन्ही बाजूंना सारखी नाही, एक टोक लांब आहे. होंदा तादाकात्सु या दुसऱ्या सरदाराच्या टोपावरची हरणाची शिंगे खरी नव्हेत. कागदाचे थर लाखरोगणाने घट्ट करून ती घडवलेली. वजन हलके, धाक मोठा! कपाळावरच्या छोट्या खुंट्यावर शिखर बसवायचे आणि हवे तेव्हा काढायचे. म्हणूनच १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आल्यावर सामुराई घराण्यांनी ऐवज विकायला काढला, तेव्हा टोप एकीकडे आणि शिखर दुसरीकडे गेले. आजही तिथला जाणता ग्राहक आधी खुंटा तपासतो, आणि शिखर त्याच टोपाचे आहे का ते पाहतो.

आपल्याकडची रीत उलटी. १६५९ साली अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांच्या पागोट्याखाली लोखंडी टोप होता, असे इतिहासकार सांगतात. इथे लोखंड झाकायचे आणि वर मंदील, शिरपेच, कलगी मिरवायची. उघड्या टोपांवर नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना तुऱ्याच्या नळ्या असत. काही विद्वान म्हणतात, नळ्या ही नंतरची हौस, युद्धाशी त्यांचा संबंध नाही. मी ठामपणे सांगतो, नळीखालचा पत्रा पाहा. जुन्या नळीखाली पत्र्याचा रंग निराळा असतो. नंतर डकवलेल्या नळीखाली गंज सलग पसरलेला दिसतो. कपाटाच्या काचेबाहेरून निवाडा देणाऱ्यांना हे कसे दिसणार?

आमच्या जिल्ह्याला या वस्तूंचे वावडे नव्हते. कारंजाची पेठ इतकी श्रीमंत की १६७० साली महाराजांच्या फौजा तिथवर आल्या. पुढे वाशीमवर निजाम आणि भोसले या दोघांचाही अंमल चालला. १७७९ च्या सुमाराला साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बालाजीचे मंदिर बांधले. जिथे दिवाण, तिथे शिबंदी आणि टोपही आलेच. १८५३-५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८७८ चा शस्त्र कायदा आला, आणि घराघरातले लोखंड मोडीत जाऊ लागले.

तरुणपणी मी मोडवाल्यांकडे तासन्‌तास बसत असे. जाळी वजनावर विकली जाई, नळ्या उपटून पितळेच्या ढिगात टाकल्या जात. आता मोडवाला टोप ओळखतो, पण धंदा आणखी बिघडला आहे. एका टोपाची जाळी, दुसऱ्याची नाकपट्टी आणि नवी नळी जोडून ‘मराठाकालीन’ म्हणून माल खपतो. घेणारा मोबाइलवरचा फोटो पाहून पैसे पाठवतो. मुळातला गंज चिंचेने, तेजाबाने घासून टाकतात, त्याबरोबर कोफ्तगिरीचे सोनेही जाते, आणि तारीख ठरवण्याचा पुरावाही.

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर भागातल्या जुन्या वाड्यांत असा टोप असेल तर तो घासू नका. आतले अस्तर फाटके असले तरी काढू नका, सुटलेली नळी त्याच पिशवीत ठेवा. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हे दलालालाही बजावा. आणि अजब बंगल्याने आपल्या टोपांची नळ्यांसकट छायाचित्रे असलेली यादी छापावी, म्हणजे आम्हाला घरचा टोप तिच्याशी ताडून पाहता येईल.