रक्त तपासून बुद्धीचं कळतं का?

मागच्या व्याख्यानानंतर एका आईंनी आम्हाला गाठलं. "मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. आता आवाज ऐकू येत नाहीत, पण दुकानात पाठवलं तर तीनपैकी एकच वस्तू आणतो. आळस म्हणायचा की आजार? रक्त तपासून कळेल का?"

आळस नव्हे, हे आधी सांगू. या आजारात लक्ष, विचाराचा वेग, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, हे सगळं मंदावतं; अनेकांत तर पहिला भास होण्याच्याही आधीपासून. क्रेपेलिनने याला अकाली बुद्धिभ्रंश म्हटलं होतं. ब्लॉयलरने १९०८ साली ते नाव बदललं, ते बरंच झालं, पण क्रेपेलिनचं निरीक्षण अगदीच खोटं नव्हतं. नोकरी टिकते की नाही, हे पुष्कळदा भासांपेक्षा याच क्षमतांवर ठरतं. आणि भासांवरची औषधं इथे फारशी चालत नाहीत.

आता रक्ताकडे वळू. सीआरपी हे प्रथिन शरीरात कुठे दाह असला की यकृत बनवतं. ज्यांचं सीआरपी जास्त, त्यांचे बौद्धिक चाचण्यांतले गुण थोडे कमी, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण हे सरासरीचं बोलणं झालं. सीआरपी सिगारेटने वाढतं, पोट सुटल्याने वाढतं, हिरड्या सुजल्या तरी वाढतं. आपले अनेक रुग्ण सिगारेट ओढतात, आणि ओलान्झापिनसारख्या औषधाने वजन वाढतं. मग तो आकडा मेंदूचा की पोटाचा?

दुसरं प्रथिन बीडीएनएफ, चेतापेशींना जगवणारं. स्किझोफ्रेनियात ते सरासरीने कमी आढळतं. गंमत अशी, की रक्तातलं बरंचसं बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं. म्हणून एकाच माणसाच्या सीरममधला आकडा प्लाझ्मापेक्षा कितीतरी मोठा येतो. नळी कशी हाताळली यावरही तो हलतो.

तेव्हा एकट्या माणसाच्या बुद्धीबद्दल सांगेल अशी रक्तचाचणी आज नाही. त्यावर पैसे घालवू नका. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ समोर बसवून स्मरणाच्या, आकड्यांच्या चाचण्या घेतात, तेच खरं.

रक्त तपासायचंच नाही का? तपासायचं, पण साध्या गोष्टींसाठी: थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. शाकाहारी घरांत बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं, आणि ते भरून काढता येतं. शिवाय औषधांची चिठ्ठी नीट वाचायची. हातपाय थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी स्मरणशक्ती आणखी मंद करते, आणि गरज संपल्यावरही ती वर्षानुवर्षं चालू राहते.

त्या आईंच्या चिठ्ठीवर ती होती. गोळी मनाने बंद करू नका, पण अजून लागते का हे डॉक्टरांना विचारा, असं आम्ही सांगितलं. आणि तोवर सामानाची यादी कागदावर लिहून द्या.