मालवण परिसरातील बहुदिवसीय सहलीचे नियोजन

मालवण हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व बंदर आहे. समुद्रातील बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली व देवबाग येथील पुळणी, सागरी अभयारण्य आणि मालवणी खाद्यसंस्कृती यांमुळे चार-पाच दिवसांच्या सहलीसाठी हा परिसर विशेष प्रसिद्ध आहे. मराठवाड्याला समुद्रकिनारा नसल्याने तेथील पर्यटकांना हा प्रवास लांबचा पडतो आणि समुद्राचा पूर्वानुभवही बहुधा नसतो. अशा सहलीचे नियोजन स्थळांच्या यादीपासून न करता ऋतू, तिथी आणि भरती-ओहोटीच्या वेळा यांपासून करणे अधिक सोयीचे व सुरक्षित ठरते. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्री हे प्रस्थानाचे ठिकाण धरून हे नियोजन स्पष्ट केले आहे.

परिसराची ओळख

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्याचे नाव मालवणच्या किल्ल्यावरून पडले आहे. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून तटाची उंची सुमारे ३० फूट व रुंदी सुमारे १२ फूट आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर असून महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा म्हणून जपलेल्या खुणाही तेथे दाखवल्या जातात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत सिंधुदुर्गही आहे.

मालवणपासून दक्षिणेस सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग आहे. एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी असल्याने देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी झाली आहे. तिच्या टोकाशी नदी व समुद्र यांचा संगम होतो.

योग्य काळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीसाठी सर्वोत्तम मानला जातो. या महिन्यांत समुद्र तुलनेने शांत, पाणी स्वच्छ आणि हवा सौम्य असते. मार्च ते मे या काळात उकाडा व दमटपणा वाढतो. मराठवाड्यातील उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे तेथील लोकांना कोकणातील कमी तापमानही घामामुळे अधिक त्रासदायक वाटू शकते. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. या काळात किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो.

या बाबतीत ग्रीसच्या बेटांशी केलेली तुलना उद्बोधक आहे. भूमध्य समुद्राच्या प्रदेशात उन्हाळा कोरडा असल्याने जून ते सप्टेंबर हा तेथील पर्यटनाचा मुख्य हंगाम असतो. तेथे भरती-ओहोटीतील फरकही फारच अल्प असतो. कोकणात याच महिन्यांत मोसमी पाऊस असतो व समुद्र खवळलेला असतो, तर एरवीही दिवसाचा क्रम भरती-ओहोटीवर अवलंबून राहतो. म्हणून परदेशी बेटांच्या सहलीचे आराखडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

नाताळची सुट्टी, दिवाळीनंतरचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांत निवासाची टंचाई भासते. मालवण तालुक्यातील आंगणेवाडी येथील भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी नव्याने ठरते. त्या सुमारास गाड्यांचे आरक्षण मिळणे कठीण होते. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळात जाणाऱ्यांनी ही तारीख आधी पाहून घ्यावी.

भरती-ओहोटी आणि तिथी

चंद्र व सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राची पातळी दिवसातून साधारणतः दोनदा चढते व दोनदा उतरते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र-सूर्याचे आकर्षण एका रेषेत येते व भरती-ओहोटीतील फरक सर्वाधिक होतो. त्यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो व त्यास भांगाची भरती म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याचा एक पारंपरिक ठोकताळा कोकणात प्रचलित आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू होतो आणि अमावास्या पंधरावी तिथी धरली जाते. उदाहरणार्थ, पंचमीस पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, अष्टमीस सहा, तर पौर्णिमेस सव्वाअकरा वाजता भरती येते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. घरातील दिनदर्शिकेवरून हा अंदाज महिनाभर आधीही करता येतो. मात्र तो केवळ ढोबळ असतो. प्रत्यक्ष त्या दिवशी भरतीचे अधिकृत वेळापत्रक व स्थानिक नाविकांचा सल्ला हेच प्रमाण मानावे.

या हिशेबावरून दिवसाचा क्रम ठरवता येतो. पंचमीस सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी असल्याने खडकांतील डबकी व उघडी पडलेली वाळू सकाळी पाहावी. दुपारी पाणी चढत असताना उथळ पाण्यात उतरता येते. पौर्णिमेस भरती सकाळी असते व सायंकाळी पाणी दूरवर ओसरते. त्या सायंकाळी समुद्रस्नान टाळून पुळणीवरून फेरफटका मारणे श्रेयस्कर असते.

प्रवास

फुलंब्री ते मालवण हे अंतर रस्त्याने सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, सातारा व कोल्हापूर या मार्गाने जाऊन पुढे सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. फोंडा, करूळ व आंबोली हे त्यांतील प्रमुख घाट होत. दरडी व दुरुस्तीची कामे यांमुळे घाट काही काळ बंद असू शकतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. हा प्रवास एका दमात न करता पुणे किंवा कोल्हापूर येथे मुक्काम करावा. रात्री घाट उतरणे टाळावे. कोल्हापुरात मुक्काम केल्यास अंबाबाईचे दर्शनही होते.

रेल्वेने जाणाऱ्यांना छत्रपती संभाजीनगरहून मुंबई व तेथून कोकण रेल्वे असा दोन टप्प्यांचा प्रवास करावा लागतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. मालवणास रेल्वेस्थानक नाही. कुडाळ हे जवळचे स्थानक सुमारे ३० किलोमीटरवर असून सिंधुदुर्गनगरी व कणकवली हेही पर्याय आहेत. दोन गाड्यांच्या मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, कारण पहिली गाडी उशिरा पोहोचल्यास पुढचे आरक्षण वाया जाते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्यामुळे प्रथम तिथी व तारीख, नंतर रेल्वे आणि शेवटी निवास या क्रमाने निश्चिती करणे सोयीचे असते. परतीचे आरक्षण जातानाच्या आरक्षणाइतकेच लवकर करावे. चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, परंतु विमानसेवेत बदल होत असल्याने तिची आगाऊ खात्री करून घ्यावी.

निवास व भोजन

मालवण शहरात राहिल्यास बाजार, बसस्थानक व बंदर जवळ पडते. तारकर्ली व देवबाग येथे किनाऱ्यालगत निवास मिळतो, पण ये-जा करण्यासाठी वाहन लागते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तारकर्लीस आहे. अनेक स्थानिक कुटुंबे आपल्या घरीच निवास व न्याहारीची सोय करतात.

मालवणी जेवणात मासे, तिखले, कोंबडी-वडे व सोलकढी यांचा समावेश असतो. सहलीत माळकरी किंवा अन्य शाकाहारी मंडळी असल्यास घरमालकास आधी कळवावे. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ व खतखते हे शाकाहारी पदार्थ घरगुती निवासात आवर्जून करून दिले जातात. मालवणी खाजा, कोकम व काजू यांची खरेदी मालवणच्या बाजारात करता येते.

पाच दिवसांचा नमुना आराखडा

पहिला दिवस: आगमन व विश्रांती. लांबच्या प्रवासानंतर त्याच दिवशी पाण्यात उतरू नये. सायंकाळी मालवणचा धक्का व बाजार पाहावा आणि दुसऱ्या दिवशीच्या होडीची चौकशी करावी.

दुसरा दिवस: सकाळी सिंधुदुर्ग किल्ला. धक्क्यावरून होडीने किल्ल्यावर जाण्यास अल्पकाळ लागतो. नाविक परतीची वेळ ठरवून देतात. किल्ला सावकाश पाहायचा असल्यास अधिक वेळाबाबत होडीत बसण्यापूर्वीच बोलून घ्यावे. ओहोटीच्या वेळी मालवणचे रॉक गार्डन पाहावे.

तिसरा दिवस: तारकर्ली व देवबाग. कर्ली खाडीतील नौकाविहार, संगम आणि खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा उंचवटा ही येथील आकर्षणे आहेत. हा उंचवटा ‘त्सुनामी आयलंड’ या नावाने ओळखला जातो. स्कूबा डायव्हिंग करावयाचे असल्यास ते याच दिवशी ठेवावे. हवामानामुळे ते रद्द झाल्यास चौथा दिवस हाती राहतो.

चौथा दिवस: धामापूरचा तलाव. हा तलाव १५३० मध्ये बांधला गेला असे सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये त्यास जागतिक वारसा सिंचन वास्तूचा दर्जा दिला. तलावाकाठी भगवतीचे मंदिर आहे. उर्वरित अर्धा दिवस मोकळा ठेवावा.

पाचवा दिवस: परतीचा प्रवास.

विजयदुर्ग, कुणकेश्वर, वेंगुर्ले व सावंतवाडी ही स्थळेही जिल्ह्यात आहेत. परंतु ती सर्व याच पाच दिवसांत बसवू गेल्यास बहुतांश वेळ वाहनात जातो. त्यांच्यासाठी दोन दिवस वाढवावेत.

सुरक्षितता

मराठवाड्यात अनेक जण विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीचे पाणी स्थिर असते, काठ हाताशी असतो आणि पोहणारा जेथे असतो तेथेच राहतो. समुद्रात पाणी स्वतः वाहते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी काही ठिकाणी अरुंद प्रवाहाने वेगाने परत जाते आणि माणसाला खोल पाण्याकडे ओढून नेते. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी नदीचे व भरतीचे पाणी एकदम बाहेर पडत असल्याने ही ओढ विशेष तीव्र असते. त्यामुळे विहिरीतील पट्टीचा पोहणाराही समुद्रात असुरक्षित असू शकतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळील वायरी किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या आठ जणांचा बुडून मृत्यू झाला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगसाठी गेलेल्या पर्यटकांची नौका उलटून दोघांना प्राण गमवावे लागले. पहिल्या दोन घटनांतील मृत समुद्रापासून दूरच्या भागातून समूहाने आलेले होते, ही बाब लक्षणीय आहे.

यास्तव पुढील नियम पाळणे आवश्यक आहे:
* स्थानिक लोक जेथे उतरत नाहीत तेथे पाण्यात उतरू नये. संगम व खडकाळ भागात पोहू नये.
* ओहोटीच्या वेळी, अंधार पडल्यावर व मद्यपान केल्यावर समुद्रस्नान करू नये.
* कमरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ नये. समूहातील एका प्रौढाने किनाऱ्यावर थांबून सर्वांवर लक्ष ठेवावे.
* होडीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जॅकेट घालून त्याचे पट्टे बांधावेत. क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी असल्यास त्या होडीत बसू नये.
* प्रवाहाने ओढल्यास त्याच्या विरुद्ध पोहून दमू नये. तरंगत राहून हात वर करावा व शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर दिशेने प्रवाहाबाहेर यावे.
* बुडणाऱ्यामागे आप्तांनी उडी घेऊ नये. दोरी, रिकामा कॅन किंवा जॅकेट फेकावे, मच्छीमारांना हाक द्यावी व ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.
* दमा, हृदयविकार किंवा कानाचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी स्कूबा डायव्हिंग करू नये.

पर्यावरण व स्थानिक जीवन

मालवणचा सागरी भाग १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. येथील प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने प्रवाळाचे तुकडे तोडणे वा सोबत नेणे हा गुन्हा ठरतो. किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी व ओढून ठेवलेल्या होड्या ही मच्छीमारांची उपजीविकेची साधने आहेत. त्यांवर बसू नये. सिंधुदुर्ग किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्या विहिरी व देवस्थाने यांचे पावित्र्य राखावे आणि प्लास्टिकचा कचरा होडीतून परत मालवणास आणावा.